संताचा उजवा हात

३ फेब्रुवारी १८०६, सोमवार

महिन्यांना त्यांची जुनी नावं परत मिळाली. गेली कित्येक वर्षं क्रांतीच्या सरकारी हुकमानं आम्ही धुक्याचा महिना, बर्फाचा महिना असं काहीबाही लिहीत होतो, आणि तसल्या तारखांखाली मला कधी मन उघडताच आलं नाही. यंदापासून फेब्रुवारी पुन्हा फेब्रुवारी झाला आहे. म्हणून ही वही.

दुसरंही कारण आहे. आज सकाळच्या मिस्सेची उपासना आटोपून मी झगा उतरवत होतो, तेवढ्यात अर्धवट पिकल्या केसांचा एक सडपातळ माणूस आत आला आणि नमस्कार-चमत्कार न करता माझ्याकडे बाजूनं बघत उभा राहिला.

"फादर, हे नाक घराण्यातलं का?"

"आईकडचं," मी म्हणालो.

"हलू नका." त्यानं खिशातून चित्रवही काढली आणि उभ्या उभ्या माझं नाक उतरवून घेतलं.

हा चित्रकार एतियेन वोकूर. पॅरिसचा. तरुणपणी रोमला राहून तिथले जुने पुतळे गिरवून आला आहे, त्यामुळे हल्लीच्या रिवाजाप्रमाणे जिवंत माणसंही संगमरवरासारखी काढतो. नगरपालिकेनं त्याला संत गेर्लाँचं मोठं चित्र सांगितलं आहे. जुनं चित्र क्रांतीवाल्यांनी चौकात जाळलं तेव्हापासून आमच्या कॅथीड्रलमध्ये वेदीमागची भिंत उघडीच आहे. संत गेर्लाँ हे आमच्या ब्रेसाकचे पहिले बिशप. रानटी टोळ्या गावावर चालून आल्या तेव्हा ते एकटे वेशीबाहेर गेले, उजवा हात वर केला, आणि टोळीच्या नायकानं घोडा माघारी वळवला.

वोकूरला संतासाठी एक धर्मगुरू हवा आहे. खराखुरा. त्यानं मला निवडलं.

मी गर्व करत नाही. पण बिशपांच्या मुख्य कारभाऱ्याची जागा हिवाळ्यापासून रिकामी आहे, आणि तिच्यासाठी दोनच नावं घेतली जातात, माझं आणि फादर द सेर्मेझ यांचं. दर रविवारी अख्ख्या गावानं वेदीमागे माझा चेहरा बघितल्यावर दुसऱ्या कुणाला नेमणं बिशपांनाच अवघड जाईल.

ओदिलला सांगितलं. ती कांद्याची पात चिरत होती.

"नुसतं नाक मागितलंय, की सगळा तू?" तिनं विचारलं.

माझी बहीण मनानं चांगली आहे. कलेची जाण मात्र नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

धर्मभगिनींच्या रिकाम्या मठातल्या जेवणघरात वोकूरनं आपलं दुकान मांडलं आहे. क्रांतीत तिथं गवताच्या गंज्या होत्या; अजून वास येतो. मला एका खोक्यावर उभं केलं आणि हात वर करायला सांगितलं. मी केला. मनात रानटी टोळ्या आणल्या, डोळ्यांत अधिकार आणला.

तो दोन पावलं मागं सरकला.

"फादर, तुम्ही भाड्याची गाडी थांबवताय."

मी बोटं जरा पसरली.

"आता भरलेली गाडी थांबवताय."

मी संयम ठेवला. मोठ्या कामांना वेळ लागतोच. खांदा दुखतो आहे. ओदिलनं गरम कोंड्यानं शेकला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे पाहिलं ते लिहावं की नाही, कळत नाही.

वोकूर चुना कालवायला बाहेर गेला तेव्हा मी चित्रवही उघडली. आत मी होतो. माझंच नाक, माझीच हनुवटी, वर केलेला उजवा हात, आणि अंगावर सूतभरही कपडा नाही! छाती, मांड्या, सगळं. सगळं म्हणजे सगळं.

तो आला तेव्हा माझा आवाज चढला होता. "हे काय आहे?"

"संत गेर्लाँ."

"संत उघडे?"

"आधी शरीर, फादर, मग झगा. आत शरीर नसेल तर झगा खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो. रोममध्ये सगळे असंच करतात."

"पण हे माझं शरीर नाही!"

"नाहीच. धक्क्यावरच्या गोबेर हमालाचं आहे. तुम्हाला कपडे काढायला सांगायचं धाडस झालं नाही. काढणार असाल तर बरंच."

मी त्याला निक्षून सांगितलं, की उद्यापासून झगा चढवायचा. तो म्हणाला, चढवतो. घरी येताना धक्क्यावरून आलो नाही. गोबेर समोर आला असता तर कुठं बघावं ते कळलं नसतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ओदिल माझं दुपारचं जेवण घेऊन मठात आली, आणि वोकूरनं तिला तो कागद दाखवला. एका अविवाहित स्त्रीला! ती छत्तीस वर्षांची आहे म्हणून काय झालं?

ती लाजली नाही. तिनं कागद खिडकीपाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"डोकं दादाचं," ती म्हणाली. "पण हे पोट? इतकं सपाट पोट आमच्या घरात कुणाचं आहे?"

वोकूर इतका हसला की हातातला खडू मोडला. ओदिलही हसली. घरी ती अशी हसत नाही. गवताच्या धुळीनं तिचा घसा खवखवत असावा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

संकट. उपवासाचा काळ सुरू झाला, आणि पहिल्याच रविवारी सेर्मेझनं वोकूरला जेवायला बोलावलं! आल्सेसहून मागवलेला मासा होता म्हणे. सेर्मेझ क्रांतीत जर्मनीला पळून गेला, आणि तिथून देवाचं नाही पण दरबारी वागण्याचं बरंच ज्ञान घेऊन आला. उंच आहे, केस दाट आहेत. जेवणानंतर वोकूरनं त्याचंही रेखाटन केलं.

मी लगेच हालचाल केली. वोकूर धक्क्यावरच्या दमट खाणावळीत राहतो. त्याला म्हटलं, चित्र पुरं होईपर्यंत आमच्याकडे या, वरच्या मजल्यावर शेगडीची खोली आहे. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

ओदिल म्हणाली, "म्हणजे आणखी एकाचा स्वयंपाक." पण फार कुरकुर केली नाही. खोलीतले पडदे धुतले, शेगडी घासली, स्वतःची चांगली गोधडी त्याच्या पलंगावर घातली. उपवासाच्या दिवसांत माणसानं असा त्याग करावाच.

आता सेर्मेझनं अख्खा समुद्र शिजवून घातला तरी चालेल.

१० मार्च, सोमवार

युक्ती लागू पडली आहे. वोकूर आमच्याकडे इतका रमला आहे की चित्राची त्याला जराही घाई नाही. सकाळी मला उभं करतो, दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात बसून रेघा मारत राहतो. मी त्याला संतांच्या चरित्रातले बारकावे सांगतो. तो मन लावून ऐकतो. त्याची खुर्ची चुलीकडे तोंड करून असते, त्यामुळे मला त्याच्या पाठीशी बोलावं लागतं, पण पाठीवरूनही एकाग्रता कळते.

काल चित्रवही चाळली. आता मी कपड्यांत आहे, देवाची कृपा. पण माझी पानं कमी झाली आहेत. बाकी पानांवर ओदिलचे हात आहेत: कणीक मळताना, मसूर निवडताना. ओदिलची मान मागून. ओदिलचा कान, एका पानावर नुसता कान. विचारलं तर म्हणाला, हात सैल ठेवण्यासाठी सराव. कागद महाग आहे हे त्याला सांगायला हवं.

ती त्याला आता नुसतं "एतियेन" म्हणते. "मस्यू वोकूर" म्हणण्यात वेळ जातो, असं तिचं म्हणणं.

२२ मार्च, शनिवार

आज जेवताना त्र्याण्णव सालचा विषय निघाला. तो निघायला नको होता. वोकूरनं विचारलं, "क्रांतीवाल्यांचं पथक धर्मगुरूंना धरायला आलं, तेव्हा तुम्ही कुठं होतात, फादर?"

मी म्हणालो, "मी परगण्याच्या हिताचा विचार करून काही काळ दूर होतो."

"माळ्यावर," ओदिल म्हणाली. "पिठाच्या पोत्यांमागे."

उंची हेदेखील एक अंतरच आहे. आणि मी पकडला गेलो असतो तर पुढं ब्रेसाकमध्ये मिस्सा कुणी म्हटली असती?

मग त्यानं तिला खोदून खोदून विचारलं. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. दार तिनं उघडलं होतं. ती त्या लोकांना म्हणाली होती, "फादर बोनार्देल वारले. चर्चमागे पुरलंय. खात्री करायची तर कुदळ देते." खरंच कुदळ आणून दिली. ते निघून गेले. ही उघड थाप होती, आणि चर्च पुन्हा उघडल्यावर मी तिला त्याबद्दल सौम्य प्रायश्चित्तही दिलं होतं.

वोकूरनं चमचा खाली ठेवला. "कशा उभ्या होतात? दाखवा."

"कशी म्हणजे? उभी होते. हातात चिमटा होता."

"घाबरला नव्हतात?"

"पाय इतके लटपटत होते की दाराला टेकले होते."

त्यानं तिला दारात उभं करून काढलं. सूप थंड झालं. माझं मत असं, की संताच्या चित्रात चिमट्याला जागा नाही.

८ एप्रिल, मंगळवार

ईस्टर नीट पार पडला. माझं प्रवचन चांगलं झालं, सेर्मेझचं लांबलं.

आज पोज देताना वोकूर एकदम बोलून गेला, "फादर, अडचण काय आहे ते मला कळलं. तुमच्या हातात भीती नाही."

मी नम्रपणे मान झुकवली.

"ज्याला भीती नाही तो हात कशाला वर करील? तो आपल्या वाटेनं जाईल. त्या म्हाताऱ्या संताचं सगळं गाव त्याच्या पाठीशी उभं होतं. हातातून जायची होती ती माणसं. तुमचं काय जाणार आहे? तुमच्या हाताकडे पाहिलं की वाटतं, याला सूप वेळेवर मिळतं."

ते खरंच आहे, मिळतं. त्याचा चित्राशी संबंध कळला नाही. पण मी निर्भय आहे हे त्यानं कबूल केलं ते बरं झालं. बिशपांच्या कानावर घालायला हवं.

ओदिल स्वयंपाक करताना गाते आहे. टोपीला निळी फीतही लावली. वसंताचा परिणाम. मागं कधीतरी एका गिरणीवाल्यानं तिला मागणी घातली होती. मी त्याला समजावून सांगितलं, की पिठाची धूळ तिच्या प्रकृतीला सोसणार नाही. तेव्हापासून तिची प्रकृती उत्तम आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

नीट क्रमानं लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी मी न्याहारीला बसलो होतो. गळ्यात रुमाल होता. ओदिल आणि वोकूर दोघं एकदम आत आले आणि शेजारी शेजारी उभे राहिले. वोकूरनं दाढी केली होती.

"फादर, मला ओदिलशी लग्न करायचं आहे."

मला आधी वाटलं, तो चित्रासाठी काही मागतो आहे. मी म्हणालो, "तिला कामं असतात. दुपारी तासभर न्या."

"दादा," ओदिल म्हणाली, "लग्न. बायको म्हणून."

"कुणाची?"

"याची. दोन महिने घरात जेवतोय, तुला काहीच दिसलं नाही?"

मी रुमाल काढला नाही, आता आठवतं. मी माझे मुद्दे मांडले. माणूस पापाची कबुली द्यायला कित्येक वर्षांत फिरकलेला नाही. हमालांना उघडे करून त्यांची चित्रं काढतो. स्वतःचं घर नाही. आणि मुख्य कारभाऱ्याची नेमणूक तोंडावर आलेली असताना माझ्याच घरात, माझ्याच छपराखाली... लोक काय म्हणतील?

"म्हणतील, फादरनी बहिणीचं लग्न लावलं," ती म्हणाली. "मला तुझ्याच हातून व्हायला हवंय. दुसऱ्या कुणाच्या नाही."

"मी लावणार नाही."

"मग या गावात होणार नाही. पॅरिसला होईल."

"आईला मी शब्द दिला होता की तुला सांभाळीन."

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "सोळा वर्षं कोण कुणाला सांभाळतंय?"

तिचं गाठोडं दारामागे बांधून ठेवलेलं होतं. म्हणजे माझं उत्तर तिला आधीच माहीत होतं. चित्र संपेपर्यंत ती मादाम पेरोकडे, नदीपलीकडे राहणार आणि वोकूर मठात. तिनं गाठोडं उचललं.

मी तिच्या आधी दारापाशी पोचलो. कसा ते आठवत नाही. खुर्ची मागं पडली होती. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि हात वर झाला. मी केला नाही, तो झाला. काहीतरी बोललोही. बहुधा बाहेर चिखल आहे, असं.

तेवढ्यात मला खडूचा आवाज ऐकू आला. वोकूर! भिंतीला टेकून चित्रवहीत भराभरा रेघा ओढत होता! माझ्या घरावर कुऱ्हाड कोसळत होती, ती त्याच्यामुळंच कोसळत होती, आणि तो चित्र काढत होता.

"एतियेन!" ओदिल ओरडली. "ठेव ते!"

"एक क्षण."

"आत्ताच्या आत्ता!"

"बोटं... बोटं राहिलीत फक्त."

ओदिल माझ्याजवळ आली. तिनं माझं मनगट धरून हात खाली घेतला. बाहीचा टाका सुटला होता तो तिला दिसला. "हे शिवायचं राहिलं," ती म्हणाली. मग माझ्या गळ्यातला रुमाल काढून घडी घातली, टेबलावर ठेवली, आणि गेली.

चिखल होताच.

२७ एप्रिल, रविवार

सूप नव्हतं.

६ मे, मंगळवार

मठात गेलो. तो कागद मागून फाडून टाकायचाच, असं ठरवून गेलो होतो.

वोकूरनं वाद घातला नाही. कागद माझ्या हातात दिला. "तुमचा आहे. फाडा."

चित्रात जुना झगा घातलेला एक जाड माणूस दाराला चिकटून उभा आहे. गळ्यात रुमाल. तोंड उघडं आहे. उजवा हात वर आहे, पण तो हात काही थांबवत नाही. मला त्याचं वर्णन करता येत नाही. बुडणाऱ्या माणसाचा हात पाण्यावर दिसतो तसा काहीतरी. साफ खोटं आहे. मी केवळ चिखलाबद्दल सांगत होतो.

"या वेळी हमालाची गरज पडली नाही," वोकूर म्हणाला. "झग्याच्या आत माणूस होता."

"तू माझं घर मोडलंस."

"हो," तो म्हणाला. "आणि ओदिल माझ्याशी तीन दिवस बोलली नाही, वही बाहेर काढली म्हणून. तिचं बरोबर होतं. पण फादर, मी वीस वर्षं हा हात शोधतोय."

मी कागद फाडायला घेतला. तेवढ्यात तो म्हणाला, "नाहीतर फादर द सेर्मेझ काल येऊन गेले. संतासाठी उभा राहायला तयार आहे म्हणाले. कपड्यांशिवायसुद्धा."

मी कागद टेबलावर ठेवला आणि घरी आलो. धर्माच्या कामात व्यक्तिगत मानापमान आणू नये.

१९ जून, गुरुवार

नवी कामवाली ठेवली. मीठ तिला वाटतं तेव्हा घालते, दोनदा वाटलं तर दोनदा.

बिशपांकडे गेलो होतो. ते ऐंशीचे झाले, एका कानानं ऐकतात, आणि त्या कानावर काय पडेल याचा नेम नाही.

"बोनार्देल, तुझी बहीण कशी आहे?"

"ठीक आहे, महाराज. हवापालटासाठी नदीपलीकडे गेली आहे."

"नदीपलीकडची हवा वेगळी असते का रे?"

मी म्हणालो, थोडी.

"मी तिच्या हातचा मसूर दोनदा खाल्लाय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. जागेचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. काढायला गेलो होतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

चित्र लागलं.

पडदा सरकला तेव्हा अख्ख्या कॅथीड्रलचा श्वास अडकला. वेस आहे, वेशीत गाव दाटलं आहे, सगळे पुतळ्यांसारखे ताठ आणि स्वच्छ. समोर घोड्यावर रानटी नायक. आणि मधोमध संत गेर्लाँ, पांढऱ्या झग्यात, वेशीला पाठ लावून, उजवा हात वर. चेहरा माझा. नाकाबद्दल शंकाच नको. हात मात्र तोच आहे. त्या सकाळचा. वोकूरनं एक बोटसुद्धा बदललं नाही.

"काय अधिकार आहे!" प्रांताधिकारी म्हणाले. "या हातापुढं सैन्य थांबलं नसतं तरच नवल."

"पर्वत थांबेल, पर्वत," महापौर म्हणाले.

सेर्मेझचा चेहराही चित्रात आहे. रानटी नायकाला दिला आहे. मला वाटलं आता तमाशा होणार. पण तो चित्राखाली बराच वेळ उभा राहिला आणि मला म्हणाला, "बोनार्देल, माझ्याखाली घोडा आहे. तुझ्याखाली काय आहे?"

बिशपांनी जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर मला मुख्य कारभारी नेमलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जे मागितलं होतं ते सगळं मिळालं, असं इथं नोंदवून ठेवतो.

ओदिल शेवटच्या बाकावर मादाम पेरोशेजारी बसली होती. गर्दी पांगल्यावर पुढं आली. तिनं चित्राकडे फार वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"त्या दिवशी मी मागं वळले नाही," ती म्हणाली. "वळले असते तर जाता आलं नसतं."

"चित्र आहे," मी म्हणालो. "चित्रकार वाढवून काढतात."

"आम्ही उद्या निघतोय. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी लग्न, त्याच्या आईच्या चर्चमध्ये. दादा, अजून लावशील?"

आजूबाजूला लोक होते. मी म्हणालो, नेमणूक अगदी नवी आहे, अशा वेळी गाव सोडणं बरं दिसणार नाही.

"नाही दिसणार," ती म्हणाली. तिनं माझी बाही उलटून पाहिली. टाका तसाच होता. तिनं टोपीतली सुई काढली, दोरा दातानं तोडला, आणि तिथंच, वेदीसमोर उभ्या उभ्या, तो शिवून टाकला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मुख्य कारभाऱ्याचं काम जड आहे. तरी रोज दुपारी चित्रापाशी जातो. रंग नीट सुकतो आहे ना, हे कुणीतरी पाहायला हवं.

आज तिथं एक मासेवाली टोपली बाजूला ठेवून गुडघे टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "किती घाबरलेत हो बिचारे."

"कोण?"

"हे संत."

मी तिला समजावलं, की हा अधिकाराचा हात आहे. प्रांताधिकाऱ्यांनी स्वतः तसं म्हटलं आहे.

"ते म्हणोत," ती म्हणाली. "आमचे हे पुरात होडी घालायला निघाले तेव्हा मी दारात अशीच उभी होते. हात अस्साच. बोटंसुद्धा."

"मग थांबले?"

"कुठले थांबतायत!"

ती टोपली उचलून निघाली. मी दोन खांब तिच्या मागं गेलो.

"परत आले का?"

"आले की. चार दिवसांनी. भुकेनं कळवळत. शिव्या घातल्या आणि वाढलं." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "फादर, तुम्ही यांच्यासारखे दिसता."

चेहऱ्यासाठी मीच उभा होतो, हे तिला सांगितलं नाही. मेणबत्ती मात्र मी लावली. दोन लावल्या.

३० सप्टेंबर, मंगळवार

संताच्या अंगठ्यापाशी रोगणाला तडा गेला आहे. केसाएवढा आहे. चर्चच्या राखणदाराला शिडीवर चढवलं. तो म्हणतो काही दिसत नाही. त्याची नजर अधू झाली आहे. सहा महिन्यांची मेहनत आणि गावाचा पैसा असा तडकू देता येणार नाही, आणि असल्या गोष्टी पत्रातून उलगडत नाहीत. चित्रकाराला समक्ष भेटूनच सांगितलं पाहिजे.

बिशपांकडे रजा मागायला गेलो. तड्याचं सविस्तर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नेमकं कुठल्या कानानं ते माहीत नाही.

"जा," ते म्हणाले. "मसूर आण."

गुरुवारच्या टपालगाडीत जागा धरली आहे. पॅरिसला पोचेन तोवर रविवार-सोमवार होईल. तडा तोवर वाढला नाही म्हणजे मिळवली.

सामान बांधून झालं. बदामाच्या वड्या घेतल्या आहेत, प्रवासात भूक लागते. सगळ्या मी खाईन असं नाही. प्रार्थनेचं पुस्तक घेतलं. वाटेत कुणी मरणाला टेकलेलं भेटलं तर, म्हणून विधीच्या वेळी गळ्यात घालायचा पट्टाही घेतला. आता पाहतो तर घाईघाईत जांभळा राहिला आणि पांढरा आला आहे. मरणाऱ्यासाठी जांभळा लागतो. पांढरा लग्नाला आणि बारशाला.

असू दे. पेटी पुन्हा उघडत बसत नाही. लांबचा रस्ता आहे. वाटेत कुणाकडे एखादं मूल जन्मलेलं असायचं.